बबनचा नंबर, माझं रक्त

पुण्यातला रिक्षावाला ‘नाही’ म्हणतो, यात बातमी काही नाही. पण मधली दोन-तीन वर्षं मी जे ‘नाही’ म्हणत होतो त्याचं कारण वेगळं होतं. त्या काळात मंडईच्या स्टँडवरून ज्यांना मी परत पाठवलं आणि ज्यांनी जाता जाता माझ्या खानदानाचा उद्धार केला, त्यांना ते आज सांगून टाकतो. तुम्हाला जिथं जायचं होतं, त्या रस्त्यात मुतारी नव्हती.

हसायचं तर हसा. आता मीही हसतो. तेव्हा मात्र माझ्या डोक्यात शहराचा हा एकच नकाशा होता. मांजरीला साफ नाही, कारण हडपसरला गाडी अडकली की अडकली. खडकवासल्याला आनंदाने, कारण तिकडे रस्त्याला झाडं आहेत. एकदा एका बाईंनी कमरेवर हात ठेवून विचारलं, "अहो, मग तुम्ही जाणार तरी कुठे?"

"स्वारगेट," मी म्हणालो. तिथली सोय चांगली आहे.

"मला कुठे जायचंय ते मी ठरवणार की तुम्ही?"

बाईंना काय सांगणार? ते आमच्या दोघांच्याही हातात नव्हतं.

चहा कमी करा

मी दत्ता मोरे. राहायला गंज पेठेत, साठी उलटलेली, उमेदीची सगळी वर्षं रिक्षात गेली. घरात मी आणि बायको मंगल. मुलगी पूनम लग्न होऊन वाकडला असते, कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे.

रात्री चार-चारदा उठायला लागलो तेव्हा मंगलने निदान केलं, "चहा कमी करा." चहा कमी केला. मग म्हणाली, पाणी कमी प्या. तेही केलं. मग पंख्याखाली झोपू नका, असं सुरू झालं, तेव्हा मी ऐकणं कमी केलं. पूनम फोनवर म्हणायची, "बाबा, प्लीज एकदा चेकअप करून घ्या ना. या एजला इट्स नॉर्मल, बट स्टिल."

"नॉर्मल आहे ना? मग चेकअप कशाला?"

"बाबा, तुमच्याशी बोलणं म्हणजे ना…" असं म्हणून ती फोन आईकडे द्यायला सांगायची.

स्टँडवर माझ्या वयाचे जेवढे होते त्या सगळ्यांची कमी-जास्त हीच कथा होती. कुणी म्हणायचं इंजिनाच्या धक्क्यांनी होतं, कुणी म्हणायचं सीटच्या गरमीने. दवाखान्यात मात्र कुणीच जात नव्हतं. एक म्हणजे दिवस मोडतो. आणि दुसरं खरं कारण म्हणजे, तिथं डॉक्टर कुठून तपासतात याविषयी स्टँडवर एक अफवा होती. अफवा खरी होती, हे मला पुढे कळलं. पण त्यात घाबरण्यासारखं काही नव्हतं, हेही कळलं.

माझा नंबर धर

मग एका धर्मादाय दवाखान्याची माणसं थेट आमच्या स्टँडवरच आली. शेजारच्या मंडळाच्या शेडमध्ये त्यांनी टेबल-खुर्च्या मांडल्या. त्यांच्या प्रमुख होत्या नंदाताई, चाळिशीच्या, आवाज आमच्या भाजीवाल्या बायकांना भारी पडेल असा. रिक्षावाले, हमाल, हातगाडीवाले असे सगळे लांबून बघत उभे होते, जवळ कुणी जाईना. ताईंनी सांगितलं, की पुरुषांच्या लघवीच्या पिशवीखाली प्रोस्टेट नावाची ग्रंथी असते, वयानुसार ती वाढते, आणि काहींना तिथं कॅन्सर होतो. रक्ताच्या साध्या तपासणीत त्याचा अंदाज येतो.

मागून एका हमालाने विचारलं, "कपडे काढायचे का?"

"बाही वर करायची," ताई म्हणाल्या.

एवढ्यावर गर्दी झाली. बाहीला आमची हरकत नव्हती.

रांगेत लावायचं काम त्यांना करावंच लागलं नाही. आम्ही ज्या क्रमाने स्टँडला रिक्षा लावल्या होत्या, त्याच क्रमाने उभे राहिलो. त्यांच्या एका मुलीने रांगेतूनच प्रत्येकाचं नाव, वय, फोन लिहून घेतला आणि हातात नंबराचा बिल्ला दिला. माझ्या पुढे बबन होता.

बबन घुले मांजरीचा. घरचा थोडा ऊस, बांधावरून भावाशी अबोला, आणि पोटासाठी रिक्षा. आम्ही दोघं इतकी वर्षं पाठोपाठ रिक्षा लावतोय, पण बबनच्या तोंडून दिवसाला दहा शब्द निघाले तर तो दिवस बडबडीचा. त्याच्या वाटणीचं मी बोलतो.

बबनचा नंबर येणार तेवढ्यात त्याच्या नेहमीच्या आजी भाजीच्या पिशव्या घेऊन आल्या. त्यांना बबनच लागतो, दुसऱ्या कुणाच्या रिक्षात त्या बसत नाहीत. बबन मला म्हणाला, "दत्ता, माझा नंबर धर. आजीस्नी सोडून आलो."

आता हे बाहेरच्या माणसाला समजावून सांगायला हवं. स्टँडवर नंबर मोडणाऱ्याला माफी नाही. पण नंबर बदलता येतो. पुढच्याला काही काम निघालं तर तो मागच्याला ‘माझा नंबर धर’ म्हणतो, आणि त्या घटकेपुरता मागचा पुढचा होतो. त्या नंबराला पोलिसाने हटकलं, पॅसेंजरने शिव्या दिल्या, तरी ज्याने नंबर धरलाय त्यानेच ऐकून घ्यायच्या. इतकी वर्षं आम्ही हे करत आलोय. त्यामुळे मी बबनचा बिल्ला घेतला, माझा त्याला दिला. खरं सांगायचं तर मला आनंदच झाला, कारण रांगेत फार वेळ उभं राहणं मला शक्यच नव्हतं.

आत नंदाताईंनी कागद बघून विचारलं, "बबन कोंडिबा घुले?"

"हो," मी म्हणालो. नंबर त्याचा होता ना.

त्यांनी सुई काढली. मला सुईची भीती वाटते, आणि भीती वाटली की मी विनोद करतो. शहराबाहेर सोडलं की परतीच्या रिकाम्या फेरीचं म्हणून आम्ही वर अर्धं भाडं मागतो, त्याला हाफ रिटर्न म्हणतात. त्यावरून पुण्यात रोज भांडणं होतात. मी म्हणालो, "ताई, मीटरनं घ्या. हाफ रिटर्न मिळणार नाही."

ताई इतक्या हसल्या की सुई बाजूला ठेवून त्यांना डोळे पुसावे लागले. मी ऐटीत बाहेर आलो आणि धावत कोपऱ्यावरच्या मुतारीत गेलो. आजींना सोडून बबन आला, माझ्या बिल्ल्यावर आत जाऊन बाही वर करून आला. आम्ही चहा प्यायलो. बिल्ल्यांचा विषय कुणाच्या डोक्यातही राहिला नाही.

माझी भाषणं

माझ्या फोनवर निरोप आला, सर्व नॉर्मल. मंगलने पेढे आणले आणि मजल्यावर सगळ्यांकडे दिले. "आमच्या ह्यांचं काही नाही निघालं," हे वाक्य ती प्रत्येक दारात म्हणाली. रात्री मी नेहमीसारखाच चारदा उठलो. पण आता काळजी नव्हती. नॉर्मल आहे म्हटल्यावर हा चहाच असणार.

बबनला मात्र फोन आला. आकडा वाढलेला आहे, पुढच्या तपासणीला दवाखान्यात या.

बबन स्टँडवर आला, रिक्षा लावली आणि बसून राहिला. दहाच्या जागी तीन शब्द. "दत्ता, कॅन्सर म्हंत्यात."

त्या दिवसापासून मी जी भाषणं केली ती कुणीतरी लिहून ठेवायला हवी होती. हिंमत धर बबन. आता विज्ञान कुठल्या कुठे गेलंय बबन. आजार शरीराला होतो, मनाला होऊ द्यायचा नाही बबन. माणसाने ताठ राहावं, हसत सामोरं जावं. मध्ये मी कोपऱ्यावर जाऊन यायचो आणि परत पुढे चालू करायचो. सगळं स्टँड माझ्याभोवती जमायचं. एक हमाल तर म्हणाला, दत्ताभाऊंचं ऐकून आजारी पडावंसं वाटतं.

बबनवर त्याचा परिणाम झाला. त्याने तंबाखूची पुडी काढून गटारात टाकली. आजींना पिशव्या थेट स्वयंपाकघरात नेऊन देऊ लागला. आणि एके दिवशी मांजरीत भावाच्या दारात जाऊन उभा राहिला. भाऊ आधी तोंड फिरवून बसला, मग कळल्यावर रडला, मग दोघं रडले, मग भावजयीने मटण केलं. ज्या बांधावरून वर्षानुवर्षं तोंड बघत नव्हते, त्या बांधावर दोघं भाऊ जाऊन बसले. हे सगळं बबनने मला सांगितलं, तेव्हा माझेही डोळे भरून आले. मनात म्हटलं, आपल्या भाषणांचा केवढा हा उपयोग.

मीटरवाले

दवाखान्यात बबनबरोबर मी गेलो. त्याची बायको घाबरट, तिला नको म्हटलं. मी पाण्याची बाटली घेतली, केळी घेतली, आणि वाटेत पुरेल एवढं धीराचं बोलणं घेतलं.

आत शिरतो तर समोर नंदाताई. त्यांनी मला बघितलं आणि चेहरा उजळला.

"या घुलेकाका, मीटरवाले! तुमचं ते हाफ रिटर्न मी घरी सगळ्यांना सांगितलं."

मी हसलो. "नाही ताई, घुले हा. मी मोरे."

"नाही हो. मी रक्त घेताना कागद बघून नाव विचारलं होतं. तुम्ही हो म्हणालात."

"ते मी नंबर धरला होता ना ह्याचा…"

हे वाक्य मी पुरं केलंच नाही. माझ्या हातात केळी होती. ती मी उगाचच एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. ताई माझ्याकडे बघत होत्या, मग बबनकडे, मग परत माझ्याकडे. बबन माझ्याकडे बघत नव्हता. तो फरशीकडे बघत होता.

मी जे जे बबनला सांगितलं होतं ते सगळं मला त्या क्षणी आठवायला हवं होतं. एक शब्द आठवला नाही. पहिला विचार आला तो असा, की मंगलने पेढे वाटलेत.

मग बबन बोलला. "ताई, ते माझंच हाय. माझं नाव हाय ना त्याच्यावर?"

"काका, नाव तुमचं असलं तरी रक्त…"

"नंबर म्या दिला हुता त्याला. नंबरासंगं जे येतंय ते माझंच. त्यो नुसता धरून हुता. त्याला काय बी न्हाई."

तीस शब्द असतील. मी बबनला इतकं बोलताना कधी ऐकलं नव्हतं.

ताईंनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "काका, आजार नंबराने लागत नाही." मग त्यांनी आम्हा दोघांना समोरासमोर बसवलं आणि पुन्हा रक्त घेतलं. या वेळी नळीवरचं नाव त्यांनी मोठ्याने वाचलं, आमच्याकडून वदवून घेतलं, आणि बिल्ला कुणाच्याही हातात दिला नाही. मी विनोद केला नाही.

दुसऱ्यांदाही तेच आलं. बबन ठणठणीत. मी नाही.

तो रिपोर्ट घेऊन रिक्षात परत येताना बबन गाडी चालवत होता आणि मी मागे बसलो होतो. एका सिग्नलला तो म्हणाला, "दत्ता, एक विचारू?"

"विचार."

"आता भावाला काय सांगू? परत भांडायचं का?"

मला इतकं हसू आलं की मी रडायला लागलो. बबनने रिक्षा बाजूला घेतली आणि मी थांबेपर्यंत थांबला.

पेढे

मंगलला सांगितलं तेव्हा ती भाकरी थापत होती. तिने सगळं ऐकलं आणि म्हणाली, "अहो, साधं रक्तसुद्धा स्वतःच्या नावाने देता येत नाही तुम्हाला?"

मी खाकी शर्टाची बटणं काढत राहिलो.

"मजल्यावर पेढे दिलेत मी. आता काय परत मागू?"

मग तिने गॅस बंद केला. पीठ लागलेले हात तसेच घेऊन ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. तिचा खांदा हलत होता. मी जवळ गेलो तर म्हणाली, "हात लावू नका, पीठ लागेल." पीठ तिच्या हाताला होतं. मी तसाच तिला धरून उभा राहिलो.

पूनम त्याच दिवशी आली आणि आल्या आल्या लॅपटॉप उघडून बसली. "बाबा, सर्व्हायव्हल रेट खूप गुड आहे, डोन्ट वरी." मंगलने लॅपटॉप मिटला आणि म्हणाली, "आधी जेव."

तपासण्या झाल्या. स्टँडवरची ती अफवाही झाली. डॉक्टर तरुण होता, बोट घालून तपासताना त्याने मला आयटी पार्कच्या ट्रॅफिकबद्दल विचारलं. मी उत्तर द्यायला लागलो आणि उत्तर संपायच्या आत तपासणी संपली. दोन-तीन वर्षं ज्याला घाबरून शहरभर मुताऱ्या शोधत हिंडलो, ते इतकंच होतं. मग सुया घालून तुकडे घेतले, ते दुखलं. खोटं कशाला सांगू?

आणि मग तो दिवस. डॉक्टरने कागदावर चित्र काढलं, अक्रोडाएवढं, आणि त्यात पेनाने एक ठिपका केला. "काका, कॅन्सर आहे. पण तो आतच आहे, बाहेर पसरलेला नाही. काही लोकांना आम्ही नुसतं लक्ष ठेवू म्हणतो. तुमचा जरा घाईतला आहे, ऑपरेशन करून काढून टाकू. सरकारी योजनेत बसतं."

ठिपका मला अजून दिसतो. मला फार भीती वाटली. मरणाची वाटली, आणि मंगल एकटी त्या दोन खोल्यांत कशी राहील याची जास्त वाटली. तोंडातून मात्र निघालं, "डॉक्टर, रिक्षा चालवता येईल ना?"

"येईल. पण काही दिवस लघवीवर ताबा राहणार नाही. आणि…" तो मंगलकडे बघून अडखळला. "नवरा-बायकोच्या संबंधांवरही परिणाम होऊ शकतो. त्यावर उपाय आहेत, मोकळेपणाने बोला."

मोकळेपणाने. गंज पेठेत, दोन खोल्यांत, पातळ भिंतींत. आम्ही बोललो ते रिक्षात. मी पुढे, मंगल मागे पॅसेंजरसारखी, आणि मधे आरसा. आरशातच मी म्हणालो, "ऐकलंस ना काय म्हणाला तो?"

"ऐकलं."

"मग?"

ती बाहेर बघत राहिली. सिग्नल सुटला, मागच्याने हॉर्न वाजवला. तेव्हा म्हणाली, "मला तुम्ही पाहिजेत. बाकीचं बघू. चला पुढे, लोक शिव्या देतायत."

वॉर्ड

ऑपरेशनचं मला काही सांगता येणार नाही, मी तिथे नव्हतो म्हटलं तरी चालेल. शुद्धीवर आलो तेव्हा अंगाला नळी आणि कॉटला पिशवी लटकलेली. पहिला विचार काय आला सांगू? आता कुठेही जाऊ शकतो. मांजरीला, लोणी काळभोरला, सोलापूरलासुद्धा. सोय बरोबरच होती.

वॉर्डात पहाटे कुणीतरी ताप बघायला उठवायचं, मग कुणीतरी झोप लागली का विचारायला उठवायचं. पिशवी हातात धरून मला व्हरांड्यात चालवायचे. शेजारच्या कॉटवर मार्केट यार्डातला एक म्हातारा हमाल होता, त्याच्याही हातात पिशवी. आम्ही दोघं फेऱ्या मारायचो. तो म्हणायचा, जन्मभर दुसऱ्याची पोती उचलली, आता आपली पिशवी. तो उशिरा आला होता. त्याच्या भागात कुणी टेबल-खुर्ची घेऊन गेलं नव्हतं. त्याची कंबर दुखायची, तो तेल लावत राहिला, आणि कळलं तेव्हा आजार हाडापर्यंत गेला होता. त्याच्यासमोर मला माझी पिशवी मिरवताना लाज वाटायची. दोघांत फरक एवढाच होता, की माझ्या दारात कुणीतरी आलं होतं.

भेटायला स्टँड आलं, तेही नंबराने. दोघं आत, बाकीचे खाली रांगेत. एकजण मधेच घुसला म्हणून दवाखान्याच्या दारात भांडण झालं. रखवालदार म्हणाला, "वेळ संपली. उद्या या." माझे मित्र त्याच्यावर खवळले, की हा काय बोलायचा प्रकार झाला. जन्मभर पॅसेंजरला हेच सांगत आलेली ही माणसं.

बबन रोज यायचा. स्टुलावर बसायचा, मोसंबं सोलायचा, मला द्यायचा. एकदा मी विचारलं, "भावाला सांगितलंस का?"

"सांगितलं."

"मग?"

"लई हसला." मोसंब्याच्या दोन फोडी सोलून झाल्यावर पुढे म्हणाला, "त्यो बी तपासून आला. ठीक हाय."

सिग्नल

नळी काढली आणि मग खरी परीक्षा. शिंकलो की गळायचं, हसलो की गळायचं, खुर्चीतून उठलो की गळायचं. मोठ्या माणसांचे डायपर असतात हे मला तोवर माहीत नव्हतं. पहिल्यांदा आणायला गेलो तर दुकानदाराने मोठ्याने विचारलं, "कुणासाठी? साइज काय?" मी म्हणालो, "माझ्यासाठी. साइज तुम्हीच बघून द्या." रांगेतले लोक एकदम औषधांच्या नावात गुंतले.

पहिले काही दिवस मी बाहेरच पडलो नाही. मंगल गुपचूप चादर बदलायची. एका दुपारी मी तिच्यावर विनाकारण ओरडलो, आमटी खारट झाली म्हणून. ती शांतपणे म्हणाली, "आमटी आळणी आहे. चिडायचंय तर नीट कारण काढा." त्यावर मला हसू आलं, आणि हसल्यावर जे व्हायचं ते झालं, आणि मग ती पण हसली. त्या दिवसापासून घर सैल झालं.

नंदाताईंनी एक व्यायाम शिकवला. लघवी रोखताना जे स्नायू आवळतो, ते आवळायचे, थोडं धरायचं, सोडायचं. दिवसभरात जमेल तेवढं. मी म्हणालो, लक्षात कसं राहणार? मग रिक्षा पुन्हा चालू केली आणि प्रश्नच सुटला. सिग्नल लाल झाला की आवळायचं, मनात मोजायचं, सोडायचं. हिरवा झाला की सुट्टी. पुण्यात सिग्नलला तोटा नाही, आणि स्वारगेटचा सिग्नल तर पूर्ण व्यायामशाळा आहे. एक कॉलेजची मुलगी मागून म्हणाली, "काका, आर यू ओके? तुमचा फेस एकदम वेगळा झालाय."

"सिग्नल लाल आहे ना बाळ," मी म्हणालो.

महिन्यामहिन्याने सुधारलं. खड्डा लागल्यावरही कोरडा राहिलो तो दिवस मला लग्नाच्या दिवसासारखा लक्षात आहे. आता मी कुठलंही भाडं नाकारत नाही. स्टँडवर माझी पार अब्रू गेली आहे.

लायसन

परवा नंदाताईंची माणसं पुन्हा आमच्या स्टँडवर आली. माझी दर काही महिन्यांनी रक्ताची तपासणी असते. आतापर्यंत आकडा खाली आहे, पण दर वेळी आठवडाभर आधीपासून झोप उडते. जेवणावर राग निघतो, मंगल आमटीचं विचारत नाही. ताई म्हणाल्या, तुमचंही इथेच घेऊन टाकू.

शेडच्या दारात बबन उभा. त्याने स्वतःच स्वतःला नेमलं होतं. लायसन बघितल्याशिवाय तो कुणाला आत सोडत नव्हता. फोटो बघायचा, चेहरा बघायचा, परत फोटो बघायचा. आमचे लायसनवरचे फोटो जवानीतले, त्यामुळे भांडणं चालली होती. एकाला तर बबनने दाढी झाकून उभं केलं. कुणी ‘नंबर धर’ म्हणालं की तो नुसता बघायचा, आणि तो माणूस गप्प आपल्या जागी जायचा. गर्दी मागच्या वेळेपेक्षा जास्त होती. बरेचजण माझ्याकडे बघून आले होते, की हा बघा, जिवंत आहे आणि मांजरीलाही जातो.

माझा नंबर आला.

"लायसन," बबन म्हणाला.

"अरे बबन, मी आहे."

"लायसन दाव."

दाखवलं. त्याने ते उलटं-सुलटं करून बघितलं, मला आत सोडलं आणि स्वतः माझ्या मागोमाग आला.

मी खुर्चीत बसलो, बाही वर केली. ताईंनी सुई काढली आणि माझ्याकडे बघून थांबल्या. त्या विनोदाची वाट बघत होत्या, मला कळत होतं. मी शोधला. सापडला नाही. वॉर्डातला तो हमाल आठवत होता. तो आता नाही. कागदावरचा ठिपका आठवत होता, आणि सकाळी निघताना मंगल दाराशी उभी होती ते.

मागून आवाज आला.

"ताई, मीटरनं घ्या. हाफ रिटर्न मिळायचं न्हाई."

बबनने आयुष्यात केलेला तो पहिला विनोद असावा. चोरीचा होता, पण त्याने केला. ताई हसल्या. मी हसलो आणि कोरडा राहिलो.

मग बबन टेबलाशी येऊन वाकला आणि नळीवर बोट ठेवलं. "नाव वाचा आधी. मोठ्यानं."

ताईंनी वाचलं, "दत्तात्रय विठ्ठल मोरे?"

रिपोर्ट अजून यायचाय. काय यायचं ते येवो.

"हो," मी म्हणालो. "मीच."